घरचं मत

मी ग्रंथपाल झालो तो समाजाला वर काढायला. समाज कुठं बुडालाय हे मला नक्की ठाऊक नव्हतं, पण त्याला वर काढायचं हे माझं ठरलेलं होतं.

लासूर स्टेशनला वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. तिथं माझा उपयोग नव्हता, कारण गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी पुड्या बांधायच्या रद्दीतली गोष्ट पुरी करूनच उठायचो. शेवटी वडिलांनी मला शिकायला औरंगाबादला पाठवलं. शहराचं नाव तेव्हा हेच होतं. कॉलेजात मी मराठी विषय घेतला आणि सगळ्यात आधी तोंडातले 'हाय', 'नाय', 'व्हय' घासून घासून धुऊन टाकले. सुट्टीत घरी गेलो की आई शेजारणीला सांगायची, "याला काय झालं की बाई! रेडिओवानी बोलू ऱ्हायला." मला ती स्तुती वाटायची.

पुढं मुकुंदवाडीच्या एका छोट्या सार्वजनिक वाचनालयात नोकरी लागली. मुकुंदवाडी तेव्हा धड गाव नव्हतं आणि धड शहरही नव्हतं. एका अंगाला ज्वारीचं रान, दुसऱ्या अंगाला नव्या वसाहतीचे पाये, आणि मधे एक छोटं रेल्वे स्टेशन. वाचनालय एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर कपाटं थरथरायची. सकाळी झटकलेल्या कादंबऱ्यांवर दुपारपर्यंत पुन्हा पिठाचा पातळ थर बसायचा. आमची पुस्तकं हातात घेतली की लोक आधी फुंकर मारायचे आणि मग उघडायचे.

मी रुजू झालो आणि लगेच उपक्रम सुरू केले. उपक्रम हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. पहिला उपक्रम व्याख्यानमालेचा. विषय मीच काढायचो, आणि ते असे असायचे की वक्त्यालाही वाचून घाम फुटावा. श्रोत्यांमधे आमचे अध्यक्ष, त्यांचा ड्रायव्हर आणि पंखा चालू आहे म्हणून येऊन बसलेले दोन पेन्शनर. अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते, स्वभावानं मोठे दिलदार. व्याख्यान संपलं की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "छान झालं. काय म्हणत होते ते?" खाली दळण चालू असेल तर वक्त्याला ओरडावं लागायचं. एका व्याख्यात्यानं 'मौनाचं साहित्यातील स्थान' या विषयावर असा काही घसा फाडला की गिरणीवाला वर बघून गेला, वर भांडण लागलं की काय म्हणून.

बायका मात्र वाचनालयात येत नसत. त्यावर मी एका साप्ताहिकात लेखही लिहिला. 'महिलावर्गातील वाचनविषयक उदासीनता' असं त्याचं नाव. तो लेख कुणा बाईनं वाचल्याचं मला कळलं नाही, आणि हाही मी उदासीनतेचाच पुरावा मानला.

अशा दिवसांत अण्णा आले.

मूळचे ते सिल्लोडकडचे. तिकडं त्यांची जमीन होती, अजूनही थोडी होती. पण मुलाला शहरात नोकरी लागली, त्यानं मुकुंदवाडीला घर बांधलं आणि म्हातारा-म्हातारीला आणून ठेवलं. अण्णा उंच, काटक, डोक्याला पांढरा फेटा. मराठीच्या जोडीला एक उर्दू दैनिकही वाचनालयात यायचं. ते अण्णा रोज सकाळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. वाचता वाचता मधेच कुणाला तरी बातमी सांगायचे, तेव्हा त्यांच्या मराठीत 'फैसला', 'तजवीज', 'इतमिनान' असे शब्द सहज मिसळून यायचे. निजामाच्या अमलात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं होतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी म्हणालो, "वा! म्हणजे दोन भाषांचे धनी तुम्ही." अण्णा काहीतरी बोलणार होते, पण मी तोवर उर्दूनं मराठीला काय काय दिलं हे त्यांना समजावून सांगायला लागलो होतो.

उर्दू दैनिक वाचून झालं की अण्णा एक मराठी पुस्तक घरी न्यायचे आणि आठवड्यानं आणून द्यायचे. त्यांची आवड घडवायची जबाबदारी मी स्वतःकडं घेतली. ते एखाद्या रहस्यकथेकडं बोट करायचे, मी हसून ती परत कपाटात ठेवायचो आणि त्यांच्या हातात आत्मशोधाची कादंबरी द्यायचो. ते मुकाट घेऊन जायचे.

पुस्तक परत आलं की मी विचारायचो, "कसं वाटलं, अण्णा?"

अण्णा फेटा सारखा करून सांगायचे, "घरचं मत असं हाय मास्तर, की हा माणूस लई इच्यार करतो. यानं थोडं शेतात काम केलं असतं तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं."

मला ते सगळे मास्तरच म्हणायचे. ग्रंथपाल हा शब्द मुकुंदवाडीत कुणाच्या जिभेवर बसला नाही. आणि 'घरचं मत' ऐकून मी मनातल्या मनात डोलायचो. मी लासूरचा. आपली माणसं 'मी' म्हणायला लाजतात, स्वतःचं मत घरावर, गावावर, चार माणसांवर ढकलतात, हे मला शहरातल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं, अशी माझी खात्री होती. केवढी ही विनम्रता, असं मी घरी बायकोलाही सांगितलं. बायको म्हणाली, "त्यांच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हटलं, "त्याचा इथं काय संबंध?"

अण्णांची मतं मी गोळा करायला लागलो. एका गाजलेल्या ग्रामीण कादंबरीवर घरचं मत आलं, "यात गाव हाय पर शेण नाय." एका प्रेमकथेवर आलं, "दोघांनी एकदा समोर बसून बोलायला पाह्यजे व्हतं, तर चारशे पानं वाचली असती." मी या मतांवर एक लांबलचक लेख लिहिला आणि तो एका दिवाळी अंकात छापून आला. त्यात मी अण्णांना 'मातीतला समीक्षक' म्हटलं होतं. त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली माझं स्पष्टीकरण होतं आणि ते मूळ वाक्याच्या दहापट होतं.

मग मला मोह झाला. तरुणपणी मी पदरमोड करून एक कवितासंग्रह काढला होता. त्याचं नाव सांगत नाही. कुणी शोधत बसू नये. वाचनालयाच्या कपाटात त्याच्या प्रती होत्या आणि त्या एकाही वाचकाच्या हाताला लागल्या नव्हत्या, त्यामुळं पीठसुद्धा त्यांच्यावरच सगळ्यात जाड बसायचं. एक प्रत मी पुसली, त्यावरच्या माझ्या नावाबद्दल चकार शब्द न काढता अण्णांना दिली आणि आठवडाभर नीट जेवलो नाही.

अण्णा आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. फेटा सारखा केला.

"घरचं मत असं हाय मास्तर, की याच्यात मीठ नाय."

मी त्या रात्री खूप विचार केला. सकाळपर्यंत माझी अशी खात्री झाली होती, की मीठ नाही म्हणजे भडकपणा नाही, आणि ही दादच आहे.

त्या सालच्या वर्धापनदिनाला मी 'उत्कृष्ट वाचक पुरस्कार' ठेवला. पुरस्कार कुणाला द्यायचा याचा निर्णय समिती घेणार होती, आणि समितीत मी एकटाच होतो. अण्णांना बातमी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"मास्तर, हे नका करू."

"अण्णा, विनय पुरे."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. "मास्तर, ते बक्षीस घरी द्या."

मी म्हटलं, "घरी कशाला? चांगलं व्यासपीठावर देऊ, चार लोकांदेखत."

"तसं नाय. घरी द्यायला पाह्यजे ते."

"अण्णा, तुम्ही काही बोलू नका. शाल, नारळ आणि दोन शब्द. एवढंच."

"दोन शब्द कोण बोलणार?"

"तुम्ही."

अण्णांनी फेटा सारखा केला. मग "बरं" म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या दिवशी त्यांनी पुस्तक नेलं नाही. मला वाटलं, भाषणाची तयारी करत असतील.

समारंभाच्या दिवशी गिरणी बंद ठेवायला सांगितली. टेबलं भिंतीला लावली, सतरंज्या अंथरल्या. एक निवृत्त मुख्याध्यापक पाहुणे म्हणून आले. अण्णांच्या घरची माणसं आली, शेजारपाजारची आली, त्यामुळं खोली पहिल्यांदाच भरली. दाराजवळ बायकाही बसल्या होत्या. मी प्रास्ताविकात अण्णांची मतं वाचून दाखवली. लोक हसत होते. दाराकडून तर फारच हसू येत होतं. मला वाटलं, माझं निवेदन रंगलंय.

शाल घालून झाली. अण्णा उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "मास्तरांनी शाल दिली, मी घेतली. माणूस चांगला हाय, त्यांचं मन मोडवंना. पर खरं सांगायचं तर मला मराठी पुस्तक वाचता येत नाय."

मी हसलो. एकटाच.

"बसची पाटी वाचतो. दुकानाची पाटी वाचतो. एक एक अक्षर जुळवून. पर पुस्तक नाय जमत. माझी सगळी तालीम उर्दूत झाली. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तवा मी लेकराबाळांचा बाप व्हतो. कारभार मराठीत आला. म्हणलं, शिकू मग. ते 'मग' काय आजवर आलं नाय." त्यांनी दाराकडं हात केला. "पुस्तकं आमच्या घरी ही वाचती. पोरीच्या अंकलिपीवर शिकली, आन् मला वाचून दाखवती. मी निस्ती ने-आण करतो. मास्तरला म्हाईत आसंल असं मला वाटलं. मी तर दर खेपेला सांगतच व्हतो, घरचं मत असं हाय, घरचं मत तसं हाय."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

पाहुणे मुख्याध्यापक मात्र खरे मास्तर होते. ते उठून म्हणाले, "मग त्या बाईंना पुढं येऊ द्या की."

दाराजवळून एक बाई उठल्या. नऊवारी लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, चालणं तुरुतुरु. माणसांमधून वाट काढत आल्या. मी गडबडीनं अण्णांच्या अंगावरची शाल काढायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या ती. ह्यांना थंडी वाजती. मला पुस्तक द्या."

"कोणतं देऊ?" मी विचारलं. माझा आवाज रेडिओसारखा येत नव्हता.

"शेवट असलेलं."

लोक हसले. पाहुण्यांना चेव आला. त्यांनी विचारलं, "इथलं कोणतं पुस्तक आवडलं तुम्हाला?"

बाईंनी विचार केला. "आवडलं असं... मास्तर जे देत्यात ते आम्ही वाचतो. न वाचून सांगायचं कुणाला? एक बारकं व्हतं कवितांचं. पहिलं पान वाचलं आन् भाकरी करायला उठले." थोडं थांबून त्यांनी न्यायानं जोडलं, "भाकरी बऱ्या झाल्या."

संग्रहाचा कवी कोण हे खोलीत अध्यक्षांनाच माहीत होतं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

घरी येऊन मी आडवा झालो. बायकोनं चहा आणून ठेवला. सकाळी वाचनालय उघडावं की राजीनामा लिहावा, हा प्रश्न होता. लिहायला बसलो असतो तर तोही लांबलचक झाला असता, म्हणून वाचनालय उघडलं.

अकराच्या सुमाराला बाई आल्या. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात दळणाचा डबा. अण्णा मागं. बाईंनी डबा दारात ठेवला आणि सगळ्या खोलीवर नजर फिरवली. पुरुष मंडळी बाकांवर पाय वर घेऊन पेपर वाचत होती.

"मास्तर, बायकांनी कवा यायचं इथं?"

"कधीही या, काकू. सर्वांना मुक्त प्रवेश आहे."

"मग येत काहून नायत?"

माझ्या जिभेवर उदासीनता हा शब्द आला होता, तो मी गिळला. "तुम्हीच सांगा," म्हटलं. हे वाक्य मी त्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारत होतो.

"दळणाला रोज येत्यात की," बाई म्हणाल्या. "डबा ठेवायचा, नंबर लावायचा आन् उन्हात उभं ऱ्हायचं. वर बसायला जागा आसंल तर खाली कोण उभं ऱ्हाईल? पर वर ही सगळी पाय पसरून बसल्यात. त्यांना सांगा, दुपारी घरी जाऊन झोपा."

मी वरच्या खिडकीतून खाली पाहिलं. गिरणीसमोर बायकांची रांग होती. ती रोजच असायची. तिच्या आवाजानं माझ्या व्याख्यानांत व्यत्यय येतो, अशी तक्रार मी गिरणीवाल्याकडं केली होती.

दुपारची वेळ बायकांसाठी ठेवली. पेपरवाल्या मंडळींनी खूप कुरकुर केली, एकानं माझ्याविरुद्ध अध्यक्षांकडं अर्ज केला. अध्यक्ष म्हणाले, "त्या बाईंना भेटा." तो भेटला नाही.

सुरुवातीला बायका वर येऊन नुसत्याच बसायच्या, पदरानं वारा घ्यायच्या. मी संधी साधून त्यांना कादंबरीची परंपरा समजावून सांगायला लागलो. एकजण खिडकीतून ओरडली, "माझं झालं का हो दळण?" आणि बाकीच्या तिच्याबरोबर उठल्या. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि त्या स्वतः उभ्या राहिल्या. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून त्यांनी एका कादंबरीची गोष्ट सांगायला घेतली. सासरी छळ, एक हरवलेलं पत्र, विहिरीवर भेटणारा अनोळखी माणूस. बायकांचे पदर हलायचे थांबले. नायिका अंधारात विहिरीकडं निघाली आणि काकूंनी आपला डबा उचलला.

"अवो, पुढं?"

"पुढं पुस्तकात हाय. मास्तरकडं नाव लावा."

माझ्या टेबलाभोवती गर्दी झाली. असं आधी कधी झालं नव्हतं, त्यामुळं पेन कुठं ठेवलंय हेही मला सापडेना.

काकूंच्या पद्धतीत खोट नव्हती असं नाही. त्या गोष्टीत मनमानी फेरफार करायच्या. जे पात्र त्यांना आवडायचं त्याला त्या मरू द्यायच्या नाहीत. एक बाई पुस्तक टेबलावर आपटून म्हणाली, "काकू, ही तर शेवटी मेली की! तुम्ही तर म्हणला लगीन होतं."

काकू शांतपणे म्हणाल्या, "मी जिती ठेवली व्हती. तू वाचून मारली."

मूळ संहितेशी प्रतारणा म्हणजे काय हे मी त्यांना एकदा समजावून पाहिलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि अण्णांकडं वळून म्हणाल्या, "मास्तरला ऊन लागलंय, पाणी द्या." आणि त्यांचे निकाल बरेचदा अन्यायाचेही असायचे. एका फार चांगल्या लेखिकेचं पुस्तक त्यांनी मुखपृष्ठाचा रंग आवडला नाही म्हणून नाकारलं. पण आमची कपाटं रिकामी व्हायला लागली, आणि रिकाम्या फळ्यांवर पीठ साचायला लागलं.

असं काही वर्षं चाललं. मग काकूंना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, थांबावं लागेल. तेव्हा पद्धत तशीच होती. गोष्टी सांगायला त्या येत राहिल्या, पण जुन्याच सांगायच्या, आणि एक दिवस आल्या नाहीत.

अण्णा एकटेच आले. उर्दू दैनिक उघडलं, पण वाचलं नाही.

"मास्तर, एक अर्ज हाय. दुपारी वाचनालय बंद असतं तवा तुम्हाला फुरसत असती का? घरी कुणी वाचणारं नाय. सून वाचती, पर दमून येती बिचारी, दोन ओळीत झोपती. ही दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसती. मला..." ते थांबले. "मला काय करावं ते कळंना."

मी लगेच हो म्हटलं. माझ्या मनात दया होती, पण खरं सांगायचं तर आनंदही होता. शाळेत मला काव्यवाचनाची बक्षिसं मिळालेली. माझा आवाज ऐकून माणसं भारावतात अशी माझी समजूत होती. ही समजूत तपासायची संधी आजवर कुणी दिली नव्हती.

पहिल्या दुपारी मी खाटेसमोर खुर्चीवर बसलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली. स्वर वर नेला, खाली आणला, योग्य जागी थरथरवला.

काकूंनी हात वर केला. "मास्तर, कुणी मेलं का?"

"नाही. सूर्योदयाचं वर्णन आहे."

"मग रडू काहून ऱ्हायले?"

मी गळा जरा सैल केला. थोड्या वेळानं पुन्हा हात वर. "तुम्ही कुठले वो मास्तर?"

"लासूर स्टेशन."

"लासूरचा माणूस असा बोलतो व्हय? सरळ वाचा. आडतीवर भाव सांगत्यात तसं."

आडतीवरचे भाव मी लहानपणी ऐकले होते. वडिलांच्या दुकानात आडतीवरून माणूस येऊन सांगायचा, बाजरी एवढी, मका एवढा, काही लपवायचं नाही, काही सजवायचं नाही. मी तसं वाचायचा प्रयत्न केला. आधी फार विचित्र वाटलं, कपडे न घालता बाहेर आल्यासारखं. पण त्या पानातला म्हातारा शेतकरी बोलायला लागला तेव्हा माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' आपोआप बाहेर पडले, आणि काकूंनी डोळे मिटून मान हलवली. बाकी कुणी माझ्या वाचनाला अशी मान कधी हलवली नव्हती.

अण्णा खाटेच्या कडेला बसून शेंगा सोलायचे. दाणे वाटीत, टरफलं पेपरवर. वाचन थांबलं की मागच्या प्रकरणात काय झालं ते तेच सांगायचे, अगदी बारकाईनं. ऐकून ऐकून त्यांना सगळी पुस्तकं पाठ होती. एकदा काकू चहा ठेवायला चाचपडत आत गेल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं, "अण्णा, मी शिकवतो तुम्हाला. तुमच्यासारख्या माणसाला महिना पुरेल. मग काकूंना तुम्हीच वाचून दाखवाल."

अण्णांनी एक शेंग फोडली.

"आता नको मास्तर. मला येत नाय म्हणून ही इतकी वर्सं माझ्यापाशी बसून वाचती. मी शिकलो की दोघं दोन कोपऱ्यात दोन पुस्तकं घेऊन बसू."

प्रौढ साक्षरतेवर माझं एक भाषण तयार होतं. ते मी केलं नाही.

हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. नीट झाली. पट्ट्या सुटल्या, जाड भिंगांचा चष्मा आला. काकू अण्णांचा हात धरून जिना चढून आल्या आणि दारात थबकल्या.

"अगं बाई, किती पीठ हे!" मग माझ्याकडं निरखून पाहत म्हणाल्या, "आन् तुमचे केस पिकले की मास्तर! मला तुम्ही अजून पोरगेलेच दिसत व्हता."

त्यांनी स्वतः कपाटाशी जाऊन स्वतःचं पुस्तक निवडलं, आणि माझ्या दुपारच्या वाचनाची गरज संपली. मला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून मी चपला घातल्या आणि पाय सवयीनं अण्णांच्या गल्लीकडं वळले. दारात गेल्यावर लक्षात आलं की आता आपल्याला इथं काही काम नाही. परत फिरणार तेवढ्यात आतून अण्णांनी पाहिलं. खाटेवर सरकून त्यांनी जागा केली.

काकू वाचत होत्या. मी त्यांचं वाचन आधी कधीच ऐकलं नव्हतं. ते काही चांगलं नव्हतं. जोडाक्षर आलं की अडखळायच्या, पूर्णविराम दिसला तरी न थांबता पुढच्या वाक्यात घुसायच्या, आणि अवघड शब्द आला की त्याच्या जागी आपला शब्द घालायच्या. मी एकदा हळूच दुरुस्त केलं. त्या थांबल्या, बरोबर शब्द म्हणाल्या, पुढं गेल्या. मी पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा अण्णांनी न बघताच माझ्या हातात सोललेल्या दाण्यांची वाटी दिली.

मी दाणे खाल्ले आणि ऐकत बसलो. किती वेळ गेला ते कळलं नाही. वाचनालय उघडायची वेळ केव्हाच टळली होती. धावत पोचलो तेव्हा जिन्यावर डबे घेऊन बायका बसल्या होत्या, खाली गिरणी घरघरत होती.

"कुठं व्हता मास्तर? आम्ही कवाच्या बसून ऱ्हायलो."

"वाचत व्हतो," मी कुलूप काढत म्हणालो. ते तितकंसं खरं नव्हतं.